वाचकांचे प्रश्न : ट्रेल बाइकची चाके आणि सस्पेन्शन

प्रश्न : गेली काही वर्षे मी फक्त पुढे सस्पेन्शन असलेली बाइक जंगलातल्या पायवाटांवर चालवते. वाटेत मुळे, सुटे दगड आणि लांबलचक चढ असतात; मोठ्या उड्या मी मारत नाही. माझी उंची 5 फूट 3 इंच आहे. आता दोन्ही बाजूंना सस्पेन्शन असलेली ट्रेल बाइक घ्यायची आहे. 29 इंची चाके घ्यावीत की 27.5 इंची? आणि ट्रॅव्हल 130 मिलीमीटर पुरेल, की 150 घेऊन ठेवलेले बरे?

उत्तर : यांपैकी ट्रॅव्हलचा निर्णय आधी घ्यावा, कारण बाइकचा स्वभाव बराचसा त्यावरून ठरतो. खडकावरून जाताना चाक जास्तीत जास्त किती वर सरकू शकते, ते अंतर म्हणजे ट्रॅव्हल. क्रॉस कंट्री बाइकवर ते साधारण 100 ते 120, ट्रेल बाइकवर 120 ते 150 आणि एन्ड्युरो, म्हणजे तीव्र व खडबडीत उतारांसाठीच्या, बाइकवर 150 ते 180 मिलीमीटर असते. ‘घेऊन ठेवलेले बरे’ हा विचार येथे लागू पडत नाही. जास्त ट्रॅव्हलच्या बाइकला दणकट, म्हणून जड फ्रेम लागते, टायरही बहुधा जड असतात, आणि हे सारे वजन आपल्याला प्रत्येक चढावर ओढावे लागते. शिवाय मध्यम उताराच्या वाटेवर अशी बाइक खडबडीतपणा इतका गिळून टाकते की वाट सपाट आणि काहीशी नीरस भासू लागते. आपण वर्णन केलेल्या वाटांसाठी मागे 130 आणि पुढे 140 मिलीमीटर ही जोडी मी सुचवेन. फोर्कचे, म्हणजे पुढचे चाक धरणाऱ्या सस्पेन्शनच्या दुफाट्याचे, ट्रॅव्हल मागच्यापेक्षा 10 मिलीमीटर जास्त असणे ट्रेल बाइकमध्ये नेहमीचे आहे.

आता चाकांविषयी. 29 इंची रिमवर टायरची कड जिथे बसते तिथला व्यास 622 मिलीमीटर, तर 27.5 इंचीचा 584 मिलीमीटर असतो. म्हणजे त्रिज्येत फरक फक्त 19 मिलीमीटरचा. आठ सेंटिमीटर उंचीच्या दगडाला चाक ज्या कोनात भिडते, त्याचे गणित मांडले, तर दोन्ही चाकांत जेमतेम एका अंशाचा फरक निघतो. जाहिराती वाचून वाटते तेवढा हा चमत्कार नाही. तरीही दगडामागून दगड येणाऱ्या वाटेवर हा छोटा फायदा प्रत्येक धक्क्याला मिळत राहतो, मोठे चाक वेग अधिक चांगला टिकवून ठेवते, आणि चढावर मुळांवरून जाताना ते अडखळून थांबण्याची शक्यता कमी होते. उलट 27.5 इंची चाक हलके असते, वेग लवकर पकडते आणि अरुंद वळणात बाइक पटकन कलते.

आपल्या उंचीचा प्रश्न खरा उभा राहतो तो मागच्या चाकापाशी. तीव्र उतारावर शरीर मागे आणि खाली न्यावे लागते, आणि कमी उंचीच्या चालकाला तेव्हा 29 इंची टायर मागून घासू शकतो. म्हणून पुढे 29 आणि मागे 27.5 अशी मिश्र रचना आपण अवश्य चालवून पाहावी. आंतरराष्ट्रीय सायकलिंग महासंघानेही 2019 मध्ये स्पर्धांसाठी तिला परवानगी दिली. मात्र ती बाइक मुळात त्यासाठीच बनवलेली असावी. दोन्ही 29 इंची चाकांच्या फ्रेममध्ये नुसते मागचे चाक लहान बसवले, तर मागची बाजू खाली जाते, पुढचा फोर्क सुमारे एका अंशाने अधिक कलतो आणि क्रँक जमिनीच्या जवळ येऊन पेडल दगडांवर आपटू लागतात. आपल्या वाटा फार तीव्र उताराच्या नसतील आणि छोट्या मापाच्या फ्रेमवर उभे राहिल्यावर मागे पुरेशी मोकळी जागा उरत असेल, तर दोन्ही 29 इंची चाकांना माझी हरकत नाही.

फोर्क पुढे कधीतरी बदलून ट्रॅव्हल वाढवू, असा विचार असल्यास सावध असावे. फोर्क 10 मिलीमीटरने लांब झाला की पुढचा कोन जवळपास अर्ध्या अंशाने कलतो आणि सीटही मागे झुकते, त्यामुळे चढावर पुढचे चाक भरकटते. शिवाय निर्मात्याने ठरवलेली फोर्कची कमाल लांबी ओलांडल्यास फ्रेमवर अधिक ताण येतो.

बाइक घेतल्यावर पहिले काम सॅग, म्हणजे चालकाच्या वजनाने सस्पेन्शन किती दबते ते, मोजण्याचे. नेहमीच्या सामानासह बाइकवर बसले असता मागचा शॉक (मागच्या सस्पेन्शनची दबणारी नळी) आपल्या स्ट्रोकच्या, म्हणजे तो जास्तीत जास्त जितका दबू शकतो त्या अंतराच्या, 25 ते 30 टक्के दबला पाहिजे. स्ट्रोक 50 मिलीमीटर असेल, तर सुमारे 13 ते 15 मिलीमीटर. फोर्कसाठी 15 ते 20 टक्के पुरेत. शॉकवरील रबरी कडी खाली सरकवून, हलकेच बसून, न उसळता उतरले की ती किती सरकली ते दिसते. चालक वजनाने हलका असल्यास दुकानातून आलेला हवेचा दाब बहुधा जास्त निघतो, आणि मग 130 मिलीमीटरपैकी बरेचसे ट्रॅव्हल कधी वापरलेच जात नाही.