तीनशे वर्षांपूर्वीची माणसं मोजून पोट भरेल का?

सांगली जिल्ह्यातल्या एका वडिलांचं पत्र आलं आहे. मुलगी संख्याशास्त्र घेऊन बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. तिनं ॲक्च्युअरी (विम्याची जोखीम आणि हप्ते गणितानं ठरवणारी तज्ज्ञ) व्हावं असं घरच्यांना वाटतं आणि तिची तयारीही सुरू आहे. पण गेले काही महिने ती म्हणते आहे की युरोपातली कुटुंबं, लग्नं, जन्म-मृत्यू कसे बदलत गेले, यावरच पुढे काम करायचं. वडील विचारतात, 'तिकडची माणसं पस्तिशीत मरायची, हे आज कळून कुणाचं काय भलं होणार? आणि यात नोकरी कुठे आहे?'

नमस्कार,

नोकरीचा प्रश्न रास्त आहे, त्याचं सरळ उत्तर पुढे देतो. पण आधी ते पस्तिशीचं बघू. तुमची मुलगी ज्या कामाकडे ओढली गेली आहे, ते नेमकं काय आहे हे त्यातूनच कळेल.

सतराव्या-अठराव्या शतकात इंग्लंडमधलं सरासरी आयुर्मान पस्तीस ते चाळीस वर्षांच्या आसपास होतं, हे खरं. पण म्हणून माणसं पस्तिशीत मरत नव्हती. हजार बाळांपैकी दीडशे-दोनशे पहिल्या वाढदिवसाआधीच जायची. त्या चिमुकल्या मृत्यूंनी सरासरी खाली ओढली जायची. ज्यानं तिशी गाठली, तो साठीच्या जवळपास पोचण्याची बरीच शक्यता असे. 'सरासरी पस्तीस' या आकड्यामागे म्हातारी माणसं नसलेला समाज नव्हता, घरटी एखादं मूल गमावलेल्या आया होत्या. आकडा तोच, पण तो कसा फोडायचा हे कळलं की अख्खा समाज वेगळा दिसू लागतो. हीच ती विद्या, ऐतिहासिक लोकसंख्याशास्त्र.

आणि हे माहीत कसं झालं? इंग्लंडमध्ये १५३८ साली राजा आठव्या हेन्रीचा मंत्री थॉमस क्रॉमवेल यानं हुकूम काढला की प्रत्येक पॅरिशच्या (एका चर्चच्या हद्दीतल्या परिसराच्या) चर्चनं बाप्तिस्मा, लग्न आणि दफन यांची नोंदवही ठेवावी. ती जनगणना नव्हती, नुसत्या तारखा आणि नावं होती. विसाव्या शतकात लुई आंरी या फ्रेंच संशोधकानं फ्रान्समधल्या अशाच नोंदींमधून एकेक कुटुंब पुन्हा जुळवण्याची रीत बसवली. या दोघांचं लग्न कधी झालं, पहिलं मूल किती महिन्यांनी, दोन मुलांत अंतर किती, कोण कधी गेलं, असं सगळं. नॉर्मंडीतल्या क्रुले या गावावरचं त्याचं काम १९५८ साली प्रसिद्ध झालं. पुढे १९६४ मध्ये पीटर लॅस्लेट आणि टोनी रिग्ली यांनी केंब्रिजमध्ये संशोधनगट उभा केला. इंग्लंडभरच्या हौशी स्वयंसेवकांनी आपापल्या गावच्या वह्या उतरवून दिल्या आणि ४०४ पॅरिशच्या नोंदींवरून १५४१ पासूनची देशाची लोकसंख्या मांडली गेली. १५४१ मध्ये सुमारे २८ लाख, १८०१ मध्ये सुमारे ८७ लाख.

यातून पक्क्या समजुती मोडल्या. आपल्यापैकी बहुतेकांना वाटतं की युरोपातही आधी एकत्र कुटुंबं होती आणि ती कारखान्यांनी मोडली. इंग्लंडपुरतं तरी तसं नव्हतं. कारखाने येण्याच्या कितीतरी आधी तिथलं सरासरी घर पावणेपाच माणसांचं होतं. पोरं-पोरी पौगंडवयात दुसऱ्यांच्या घरी चाकरीला जात, पैसे साठवत आणि स्वतःचं बिऱ्हाड थाटता येईल तेव्हाच लग्न करत. सतराव्या शतकात मुलीचं लग्नाचं वय सरासरी पंचवीस-सव्वीस होतं. कित्येक जणी आयुष्यभर बिनलग्नाच्या राहत. जॉन हजनल यांनी १९६५ मध्ये दाखवलं की रशियातल्या सेंट पीटर्सबर्गपासून इटलीतल्या ट्रिएस्टपर्यंत रेघ ओढली तर तिच्या पश्चिमेला हीच चाल दिसते, पूर्वेला लग्नं लवकर होत. अठराव्या शतकात इंग्लंडची लोकसंख्या वाढली ती मृत्यू घटल्यामुळे थोडी आणि लग्नं लवकर होऊ लागल्यामुळे जास्त, असा रिग्ली आणि त्यांचे सहकारी स्कोफिल्ड यांचा निष्कर्ष आहे. लग्नाचं वय दोन-तीन वर्षांनी खाली आलं आणि देशाचं चित्र पालटलं! संख्याशास्त्र शिकणाऱ्या मुलीला याचं वेड लागलं, तर मला त्यात काही वावगं दिसत नाही.

आता तुमच्या मनातली ॲक्च्युअरीची वाट. ती आणि ही वाट एकाच ठिकाणाहून निघतात. १६६२ साली लंडनच्या जॉन ग्राँट या कापडवाल्यानं शहरातल्या मृत्यूंच्या छापील याद्यांवरून कोणत्या वयात किती जण जातात याचा अंदाज बांधला. १६९३ मध्ये एडमंड हॅली, धूमकेतूवाले हॅली, यांनी ब्रेस्लाऊ (आजच्या पोलंडमधल्या) शहराच्या नोंदींवरून जीवनसारणी, म्हणजे कोणत्या वयापर्यंत किती जण जगतात याचा तक्ता, तयार केली आणि वर्षासन (आधी पैसे भरून पुढे दरवर्षी मिळणारी ठरावीक रक्कम) विकताना किंमत कशी ठरवावी हे दाखवलं. आजचा विम्याचा हिशेब त्याच सारणीच्या वंशातला आहे. म्हणून तिनं ॲक्च्युअरीच्या परीक्षा सोडू नयेत, असं माझं स्पष्ट मत आहे. तिथलं गणित तिला संशोधनातही लागणार आहे आणि मनाप्रमाणे जागा मिळाली नाही तर हातात कमाईचं साधन राहील.

नोकरीचं सरळ उत्तर असं. फक्त युरोपच्या जुन्या लोकसंख्येवर काम करण्यासाठी पगार देणाऱ्या जागा भारतात जवळजवळ नाहीत. परदेशात आहेत, पण मोजक्या, आणि पीएच.डी.नंतरच्या. लोकसंख्याशास्त्र या मोठ्या विषयात मात्र कामं आहेत: आरोग्य सर्वेक्षणं, जनगणना, संयुक्त राष्ट्रसंघाच्या संस्था, विमा, आरोग्य संशोधन. म्हणून पदवीनंतर तिनं लोकसंख्याशास्त्रातच पदव्युत्तर पदवी घ्यावी. मुंबईत देवनारला आयआयपीएस ही लोकसंख्या अभ्यासाची संस्था आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाचं काम तीच संस्था बघते. इतिहासाकडे वळायचं ते त्यानंतर, पीएच.डी.ला. स्वीडनमधलं लुंड विद्यापीठ, जर्मनीतली रोस्टॉकची माक्स प्लांक संस्था, केंब्रिज, पॅरिसजवळची इनेड ही लोकसंख्या संशोधन संस्था, ही त्यासाठीची ठिकाणं. स्वीडन आणि नेदरलँड्समध्ये पीएच.डी. करणारा बहुधा पगारी कर्मचारीच असतो, तेव्हा लाखोंच्या कर्जाची धास्ती नको.

एक गोष्ट आजपासून हवी, ती म्हणजे भाषा. इंग्लंडबाहेरच्या मूळ नोंदी वाचायच्या तर फ्रेंच किंवा जर्मनसारखी भाषा यावीच लागेल. पुण्यात अलियाँस फ्राँसेज आणि माक्स म्युलर भवन दोन्ही आहेत, ऑनलाइन वर्गही मिळतात.

ओढ खरी आहे की वाचनाचा भर, हे तिचं तिलाच तपासू द्या. स्वीडनचे वयवार मृत्युदर १७५१ पासूनचे ह्यूमन मॉर्टॅलिटी डेटाबेसवर नोंदणी करून फुकट मिळतात. या उन्हाळ्यात तिनं आर (आकडेवारीच्या कामाची संगणकभाषा) शिकून १७५१, १८५१ आणि १९५१ च्या जीवनसारण्या स्वतः मांडाव्यात आणि आयुर्मान वाढलं ते किती बाळं वाचल्यामुळे आणि किती म्हातारी माणसं जास्त जगल्यामुळे, हे वेगळं काढावं. काम किचकट आहे. दोन महिने ती त्यात टिकली, तर मला पुन्हा लिहा, आयआयपीएसच्या प्रवेश परीक्षेची तयारी कशी करायची ते तेव्हा सविस्तर बोलू. कंटाळली, तर ॲक्च्युअरीचा पुढचा पेपर भरायला वेळ आहेच. आकडे मांडून झाले की तिला तुमच्यासमोर बसून समजावून सांगायला लावा, आणि तुम्ही शंका विचारा.