संशय वेगळा, मोह वेगळा

पत्र: ताई, मी 22 वर्षांचा आहे. लहानपणापासून घरात रोजची कौटुंबिक प्रार्थना, संडे स्कूल, सगळं झालं. आता नोकरीसाठी एकटा राहतो. प्रार्थनेला बसलो की भिंतीशी बोलल्यासारखं वाटतं. देव खरंच आहे का, असंही मनात येतं. रात्री मोबाइलवर नको ते पाहतो आणि मग दोन-दोन रविवार उपासनेला जायचं धाडस होत नाही. मी ढोंगी आहे का? आईबाबांना सांगू का? – गोंधळलेला

प्रिय भावा,

तुझ्या पत्रात संशय आणि मोह एकमेकांत गुंतलेत. ते आधी सोडवू. रात्री मोहात पडतोस, लाज वाटते, लाजेपायी प्रार्थना टळते, ती टळली की देव लांब गेल्यासारखा वाटतो आणि मग मन म्हणतं, ‘तो नसेलच.’ हा प्रश्न नाही, दमलेल्या मनाने घाईने दिलेला निकाल आहे. म्हणून रात्री विश्वासाबद्दल काहीही ठरवायचं नाही. मनात आलेलं वहीत एका ओळीत लिही, झोप आणि सकाळी वाच. सकाळीही तितकंच टोचलं तर तो खरा प्रश्न. बायबलमध्ये, 1 राजे 19 मध्ये, संदेष्टा एलिया मरण मागत होता, तेव्हा देवदूताने त्याला उपदेश केला नाही. भाकर-पाणी दिलं, झोपू दिलं, पुन्हा उठवून खाऊ घातलं. बोलणं नंतर झालं.

खऱ्या प्रश्नाला मात्र वेळ दे. एका वेळी एकच प्रश्न, महिनाभर. ‘देव आहे का’ हा हातात मावत नाही. ‘येशू मेलेल्यांतून उठला हे मानायला आधार काय?’ हा मावतो. त्यासाठी मार्काचं शुभवर्तमान एका बैठकीत वाच. 16 अध्याय आहेत, दोनेक तासांत होतात. मग 1 करिंथ 15, जिथे प्रेषित पौल उठलेल्या येशूला पाहणाऱ्या साक्षीदारांची यादी देतो. अडलं की ते वचन घेऊन पाळकांकडे, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूंकडे, जा. बहुतेकांचं बिनसतं ते रात्रभर वादविवादाचे व्हिडिओ पाहून. एकाचं उत्तर शोधायच्या आत पुढचे चार प्रश्न येऊन बसतात.

ढोंगी म्हणशील, तर नाही. ढोंग म्हणजे नसलेला विश्वास मिरवणं. तू तर असलेला संशय कबूल करतो आहेस. बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाने तुरुंगातून येशूला विचारायला पाठवलं, की येणारा तो (तारणारा) तूच ना? येशूने त्याला झिडकारलं नाही, त्याच अध्यायात (मत्तय 11) लोकांपुढे त्याची थोरवी सांगितली. आणि येशूचा शिष्य थोमा! येशू उठला हे पाहिल्याशिवाय मानणार नाही म्हणाला, पण आठ दिवसांनी शिष्य जमले तेव्हा तो त्यांच्यातच होता. म्हणून रविवार चुकवू नकोस. गाता आलं नाही तर नुसता उभा राहा. प्रभुभोजनाची (उपासनेतल्या भाकर-द्राक्षरसाच्या विधीची) लाज वाटत असेल तर 1 करिंथ 11:28 नीट वाच: आत्मपरीक्षण करा आणि मग खा, असं तिथे आहे. अजून जड वाटलं तर आदल्या दिवशी पाळकांशी बोल.

प्रार्थनेला शब्द सुचत नसतील तर स्तोत्र 13 मोठ्याने वाच. सहाच वचनं. ‘कुठवर?’ हा प्रश्न सुरुवातीलाच पुन्हा पुन्हा येतो. तेवढं झालं तरी त्या दिवसाची प्रार्थना झाली.

आता मोह. पुन्हा कधीच नाही, अशी शपथ घेऊ नकोस. ती मोडली की दुप्पट निराशा येते. उत्पत्ती 39 मधला योसेफ, मालक पोटीफराच्या बायकोने मोहात पाडायला वस्त्र धरलं तेव्हा, तिच्याशी वाद घालत बसला नाही, वस्त्र तिच्या हातात टाकून पळाला. तुझं वस्त्र म्हणजे मोबाइल. साडेदहाला तो दुसऱ्या खोलीत चार्जिंगला लाव. एकच खोली असेल तर दाराजवळ, अंथरुणातून हात पोचणार नाही असा. उठायला साधं गजराचं घड्याळ घे. आठवडाभर फक्त नोंद ठेव: किती वाजले होते, आधी काय झालं होतं. एकटेपणा, कंटाळा, कामावरची बोलणी, यांतलं एखादं कारण वारंवार दिसेल. इलाज त्या वेळेवर करायचा, म्हणजे ती वेळ येण्याआधी कुणाला तरी फोन.

मंडळीतला (चर्चमधला) एक विश्वासू, वयाने थोडा मोठा पुरुष निवड. एकच. ठरलेल्या वारी त्याने एवढंच विचारायचं, ‘हा आठवडा कसा गेला?’ नुसता रागावणारा किंवा ‘चालतंच रे’ म्हणणारा नको. आणि पडलास तर त्याच रात्री देवापुढे दोन वाक्यांत कबुली दे (पाप कबूल केलं तर क्षमा मिळते, हे 1 योहान 1:9 विश्वासणाऱ्यांनाच लिहिलं आहे). ‘आठवडाभर प्रार्थनेला तोंड दाखवणार नाही’ ही शिक्षा तुला कुणी सांगितलेली नाही.

इतकं करूनही सुटत नसेल, काम किंवा झोप बिघडत असेल, तर समुपदेशकाकडे जा. जगणं नकोसं वाटू लागलं तर त्याच दिवशी डॉक्टरकडे. त्यात विश्वासाची उणीव नाही.

आईबाबांना मोबाइलचं सगळं सांगायची गरज नाही. संशयाचं मात्र सांग, फोनवर नाही, समोर बसून: ‘मी विश्वास सोडलेला नाही, पण काही प्रश्न पडलेत. लगेच उत्तर देऊ नका, माझ्यासाठी प्रार्थना करा.’ आई रडली तर घाबरू नकोस, तिथून उठून जाऊ नकोस.

– ताई