चुरीतली मेथी: मंगळाच्या मातीचा प्रयोग करणाऱ्याला पत्र

प्रिय बेटा,

आराखडा वाचला. चाळीस कुंड्या, दोन पिकं, दीड महिना. आवाक्यातलं आहे. पण वहीच्या पहिल्या पानावरचं ‘मंगळाच्या मातीत भाजीपाला’ खोड आणि ‘मंगळासारख्या दगडाच्या चुरीत भाजीपाला’ असं लिही. मंगळाची चिमूटभर मातीही अजून कुणी पृथ्वीवर आणलेली नाही. तिथून उडालेले काही दगड आपणहून येऊन पडले, त्यातला एक १८६५ साली बिहारात शेरघाटीला. तेवढंच. जगभर हे प्रयोग नकली मातीवर चालतात. कुणी हवाई बेटावरच्या ज्वालामुखीची भुकटी घेतं, कुणी अमेरिकेतल्या मोहावी वाळवंटातला बेसाल्ट भरडून घेतं. विकत मिळणारी ती पिशवी मागवायच्या भानगडीत पडू नको. त्याच जातीचा काळा दगड आपल्या पायाखाली आहे. मंगळाच्या मातीत लोहाचं ऑक्साइड १८-१९ टक्क्यांच्या घरात, आपल्या दगडात त्याहून कमी, एवढा फरक नोंदवून ठेव आणि पुढे चल.

खरा प्रयोग इथेच आहे. आपल्या वावरातली काळी माती याच दगडाची झाली. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा थिजला, हवा-पाण्याने झिजून त्याची चिकण माती झाली, त्यात मुळं कुजली, जीवाणू आले, नत्र साठलं. क्रशरची चुरी म्हणजे तोच दगड, पण यातलं काहीच न घडलेला. म्हणून ‘त्यात मेथी उगवते का’ हा प्रश्न सोडून दे. उगवते. बी स्वतःची शिदोरी घेऊन येतं, ते ओल्या फडक्यातही उगवतं. उगवल्यावर रोप कशावाचून अडतं, हा प्रश्न घे.

चुरी थेट क्रशरवरून आण. बांधकामावरच्या ढिगात सिमेंट मिसळलेलं असतं. त्याने सामू (आम्ल-अल्कतेचा आकडा, pH) भलताच चढतो आणि मग तू मंगळाचा नाही, सिमेंटचा प्रयोग करत असतोस. धुतलेली क्रश सँडही नको, कारण धुण्यात बारीक भुकटी निघून जाते आणि आपल्याला तीच हवी आहे. अमरावती, अकोला, वाशीम, बुलढाणा, यवतमाळ, वर्धा या पट्ट्यात गिट्टीचा दगड बहुधा बेसाल्टच असतो. भंडारा-गोंदिया-गडचिरोलीकडे तसं धरून चालू नको. दगडात पांढरी गार किंवा चमकणारा अभ्रक दिसला तर तो आपला नाही. लोणारचं विवर बेसाल्टमध्ये उल्का आदळून झालंय, म्हणून मंगळाच्या अभ्यासकांना त्याचं अप्रूप. तिथली माती आणावी असं तुझ्याही मनात येईल. ते अभयारण्य आहे, तिथला खडाही उचलायचा नाही.

चुरी गव्हाच्या चाळणीने चाळ, साधारण २ मिलिमीटरच्या छिद्रांची. चाळताना नाकातोंडावर चांगला मास्क लाव आणि वारा पाठीवर घेऊन उभं राहा. ती भुकटी फुप्फुसात गेली की बाहेर येत नाही. चाळून झाली की हलकंसं पाणी शिंपडूनच घमेल्यात कालव.

चुरी राखाडी निघेल आणि कुणीतरी म्हणेल, गेरू घाल, लाल दिसू दे. घालू नको. फोटो छान येईल, पण वहीत एक विनाकारण घटक वाढेल. तसंच परक्लोरेट, म्हणजे क्लोरिनचा एक क्षार. २००८ साली फिनिक्स यानाला मंगळाच्या मातीत ते अर्ध्या टक्क्याच्या आसपास सापडलं. पानं ते शोषून घेतात आणि माणसाच्या थायरॉइडला ते बाधतं. ते मिळवायचा प्रयत्नही करू नको. तो आग भडकवणारा, स्फोटकांत वापरला जाणारा पदार्थ आहे. ‘आमच्या चुरीत परक्लोरेट नाही, म्हणून खऱ्या मातीत निकाल याहून वाईट असेल’ हे वाक्य मर्यादांच्या रकान्यात टाक. परीक्षकाने विचारण्याआधी आपणच सांगितलेलं बरं.

आता कुंड्यांचे गट. तुझ्या आराखड्यात दोनच आहेत, नकली माती आणि साधी माती. त्यातून फक्त ‘फरक पडला’ एवढंच कळेल. चार कर. क: वावरातली काळी माती. ख: नुसती चुरी. ग: चार भाग चुरी, एक भाग गांडूळखत, दोन्ही मापाने, वजनाने नाही. घ: नुसती चुरी, पण आठवड्यातून एकदा पाण्याऐवजी १९:१९:१९ या विद्राव्य खताचं (नत्र, स्फुरद, पालाश सारख्या प्रमाणात) द्रावण, लिटरला १ ग्रॅम, कुंडीला १०० मिलिलिटर. ग आणि घ यांतल्या फरकातून कळेल की चुरीला फक्त अन्न कमी पडत होतं, की पोतही. प्रत्येक गटात मेथीच्या पाच आणि मुळ्याच्या पाच कुंड्या.

क गटाची माती निवडताना घाई करू नको. नेदरलँड्समधल्या वाखेनिंगन विद्यापीठाने २०१३ मध्ये हाच प्रयोग ८४० कुंड्यांत केला, १४ जातींची झाडं लावून, फक्त क्षारविरहित पाणी देऊन. ‘मंगळाच्या मातीत पृथ्वीपेक्षा चांगलं पीक’ अशा बातम्या फिरल्या. पण तुलनेला घेतलेली पृथ्वीची माती ऱ्हाइन नदीजवळची, खोलवरून काढलेली निकस माती होती. शास्त्रज्ञांनी ते स्वच्छ लिहिलंय, बातम्यांनी गाळलं. तू धुऱ्याजवळची (बांधाजवळची), ज्यात या हंगामात युरिया-डीएपी पडलेलं नाही अशी माती घे आणि कुठली, किती खोलीवरची ते लिही. जमलं तर माती परीक्षण करून तो कागद वहीला चिकटव.

कुंडी एक लिटरची असू दे. दोन लिटरच्या कोल्ड्रिंकच्या बाटल्या अर्ध्यातून कापल्या तरी चालतील. बुडाला पाच छिद्रं, आत सुती फडक्याचा तुकडा, नाहीतर भुकटी पाण्यासोबत वाहून जाते. बाटली पारदर्शक असेल तर बाहेरून काळा कागद गुंडाळ, मुळांना उजेड नको. एक लिटर चुरी दीड किलोच्या पुढे भरते. अठ्ठावीस लिटर लागेल, म्हणजे ४५ किलोच्या आसपास. प्रत्येक गटाच्या दोन-दोन कुंड्या जादा भर. त्या मोजायच्या नाहीत, उकरून बघायला ठेवायच्या. त्या धरून ६० किलो आण.

बहुतेकांचा प्रयोग पाण्यात बुडतो. ‘सगळ्यांना रोज १०० मिलिलिटर’ हे दिसायला न्यायाचं, पण काळी माती पाणी धरून बसते आणि चुरी फारसं धरत नाही. तेवढ्याच पाण्यात एक कुंडी चिखलात असते, दुसरी तहानलेली. वजनाने पाणी दे. भरलेली कोरडी कुंडी तोल. मग पाणी भरपूर घाल, वर झाकण ठेवून रात्रभर निथळू दे, सकाळी पुन्हा तोल. समज कोरडी १६०० ग्रॅम होती आणि निथळल्यावर १९०० झाली. म्हणजे ती ३०० ग्रॅम पाणी धरते. त्याच्या ८० टक्के २४०, म्हणून त्या कुंडीचं ठरलेलं वजन १८४०. एक दिवसाआड तोलायचं आणि जेवढं कमी भरेल तेवढंच पाणी खालच्या ताटलीत ओतायचं. स्वयंपाकघरातला ५ किलोचा डिजिटल काटा याला पुरतो. वरून ओतलंस तर चुरीवर पापुद्रा धरतो, वाळला की पापडासारखा कडक होतो आणि मेथीचा कोंब त्याखाली आडवा वाढून मरतो. ‘चुरीत उगवण कमी’ असं तू लिहिशील आणि कारण पापुद्रा असेल. पेरल्यापासून उगवेपर्यंत कुंडीवर ओलं फडकं ठेव, रोज उचलून बघ.

पाणी कुठलं, हेही ठरव. गाव पूर्णा खोऱ्यातल्या खारपाणपट्ट्यात असेल तर बोअरचं पाणी अजिबात नको. चुरीत क्षार धरून ठेवायला चिकण नाही की सेंद्रिय भाग नाही. पाणी उडून जातं, मीठ वर साठतं आणि पंधरा दिवसांत पानांच्या कडा करपतात. फिल्टरच्या कॅनचं पाणी घे, सगळ्या कुंड्यांना तेच. वॉटर फिल्टर दुरुस्त करणाऱ्याकडे टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) मोजायचं पेन असतं. आकडा मागून घे आणि लिहून ठेव.

बियाणं एकाच पाकिटातलं असावं आणि गुलाबी रंगाचं नको, त्याला बुरशीनाशक चोळलेलं असतं. आधी १०० बिया ओल्या फडक्यात ठेवून किती उगवतात ते मोज. ८५ पेक्षा कमी उगवल्या तर पाकीट बदल. दर कुंडीत पाच बिया, १ सेंटिमीटर खोल. दहाव्या दिवशी मेथीची दोन रोपं राखायची, मुळ्याचं एकच. जादा रोपं उपटू नको, कात्रीने काप. उपटताना शेजारच्याची मुळं हलतात. सांभारही (कोथिंबीर) लावू का असं विचारलं होतंस. राहू दे, तो उगवायलाच खूप दिवस लावतो.

दिवाळीनंतर, नोव्हेंबरच्या मध्यात पेर, म्हणजे जानेवारी लागता लागता ४५ दिवस भरतील. उन्हाळ्यात करशील तर प्रयोग मातीचा न राहता उन्हाचा होईल. कुंड्यांच्या जागा चिठ्ठ्या टाकून ठरव आणि दर रविवारी पुन्हा चिठ्ठ्या टाक. व्हरांड्याच्या एका टोकाला ऊन जास्त पडतं, ते एकाच गटाच्या वाट्याला येता कामा नये. मंगळावर ऊन आपल्या निम्म्याहून थोडं कमी, म्हणून ५० टक्क्यांची हिरवी जाळी लावायची कल्पना चांगली आहे. पण लावलीस तर चाळीसही कुंड्यांवर लाव. नसेल लावायची तरी वरून साधी जाळी बांधच, नाहीतर विसाव्या दिवशी वानरं येऊन तुझा निकाल खाऊन जातील.

बहुधा दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात ख गट थांबेल. तेव्हा पानं नीट बघ. खालची, जुनी पानं आधी फिकट झाली तर नत्राची भूक. शेंड्याची नवी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या राहिल्या तर लोहाची. दगडात लोह भरलेलं असताना लोहाची भूक कशी, हे कोडं परीक्षकाला आवडेल. ताज्या चुरीचा सामू ८ च्या वर असतो आणि तिथे लोह विरघळत नाही, मुळाला मिळत नाही. आपल्याकडे चुनखडीच्या जमिनीतला संत्रा पिवळा पडतो, त्यातही हेच घडत असतं. खात्री करायची असेल तर जादा कुंडीतल्या एकाच पानाला हिराकसचं (फेरस सल्फेट) द्रावण लाव, लिटरला २ ग्रॅम. आठवड्यात ते पान हिरवं झालं की कारण सापडलं.

घ गटही तू समजतोस तेवढा झटपट उठणार नाही. १९:१९:१९ मधलं बरंचसं नत्र युरियाच्या रूपात असतं आणि त्याचं रूपांतर करणारे जीवाणू चुरीत नसल्यात जमा. त्या पाकिटावर लोह आहे का, तेही वाच.

मेथी कडधान्याच्या कुळातली, तेव्हा हवेतलं नत्र घेईल, असं तू लिहिलंस. एकटी नाही घेत. तिला जीवाणू लागतात आणि तेही तिच्याच जातीचे. कृषी केंद्रात सहज मिळणारं रायझोबियमचं पाकीट सोयाबीनचं असतं, ते मेथीला चालत नाही. लसूणघास-मेथी गटाचं मागावं लागतं. या वर्षी ते घालूच नको. फक्त शेवटी चारही गटांतल्या मेथीची मुळं धुऊन त्यांवरच्या जीवाणूंच्या गाठी मोज, एखादी नखाने फोड. आत गुलाबी असेल तर ती काम करत होती.

काढणीला मुळं हलक्या हाताने धुऊन, टिपून ओलं वजन घे. मग प्रत्येक कुंडीचं पीक वेगळ्या कागदी पाकिटात, वर क्रमांक, उन्हात पत्र्याच्या डब्यात. लागोपाठ दोन दिवस वजन तेच भरलं की वाळलं. खरा आकडा हा वाळलेला, ओल्या वजनात नुसतं पाणी बोलतं. ख गटातली मेथी वाळून अर्धा ग्रॅमही भरणार नाही, तिथे स्वयंपाकघरातला काटा कामाचा नाही. सोनाराकडे जाऊन तोलून घे. पाच कुंड्यांची सरासरी लिही, शिवाय सगळ्यात कमी आणि सगळ्यात जास्तही लिही. दोन गटांचे आकडे एकमेकांत शिरत असतील तर ‘फरक सिद्ध झाला’ म्हणू नको.

भाजी खाऊन दाखवायचा आग्रह होईल. चुरीतली खाऊ नको, कुणाला देऊही नको. ताज्या भरडलेल्या दगडातून निकेल-क्रोमियम पानात किती उतरलं, हे आपण तपासलेलं नाही.

आणि चुरी आणायला जाशील तेव्हा पोतं दुहेरी घे. एकेरी पोत्यातून सगळ्यात बारीक भुकटी वाटेतच गाडीत गळून जाते आणि घरी उरते ती नुसती वाळू.

तुझे,
सर