व्हायरल लोड सापडत नाही, मग आत धुसफूस कसली?

तुम्ही एचआयव्हीच्या गोळ्या घेताय, पाच वर्षं व्हायरल लोडच्या, म्हणजे रक्तातला विषाणू मोजणाऱ्या चाचणीच्या रिपोर्टवर 'टार्गेट नॉट डिटेक्टेड' (विषाणू सापडला नाही) येतंय, तरी डॉक्टर म्हणाले, 'आत थोडी सूज राहतेच, हृदयाकडे लक्ष ठेवा', आणि तुमची झोप उडाली. ही सूज म्हणजे प्रतिकारशक्ती सतत चाळवलेली राहणं; मी तिलाच धुसफूस म्हणतोय. विषाणूच नाही तर प्रतिकारशक्ती भांडतेय कुणाशी, असं तुम्ही विचारलंय. मी सोळा वर्षं गोळ्या घेतोय; सुरुवातीला मलाही याच प्रश्नाने छळलं होतं.

आधी 'सापडत नाही'चा अर्थ बघू. ती चाचणी रक्तातल्या प्लाझ्माची असते, पेशींच्या आत ती डोकावत नाही. एचआयव्ही आपली प्रत सीडी४ पेशीच्या, म्हणजे प्रतिकारशक्तीच्या एका प्रकारच्या पांढऱ्या पेशीच्या, डीएनएमध्ये शिवून टाकतो. गोळ्या नव्या पेशींची लागण थांबवतात, पण झालेली शिवण उसवत नाहीत. अशा काही पेशी स्मृतिपेशी बनून वर्षानुवर्षं निपचित पडून राहतात. १९९७ मध्ये तीन संशोधक गटांनी हा साठा दाखवून दिला. निवांत सीडी४ पेशींमध्ये साधारण दहा लाखांत एक पेशी अशी, की जिच्यातून धडधाकट विषाणू बाहेर पडू शकतो. हा साठा निम्मा व्हायला सुमारे ४४ महिने लागतात. त्या वेगाने तो पूर्ण संपायला सत्तरहून अधिक वर्षं लागतील, असा हिशोब निघाला होता.

त्यात भर म्हणजे या पेशींची संख्याही वाढते. पेशी दुभंगली की आतल्या विषाणूची झेरॉक्स फुकटात निघते. प्रतिकारशक्ती जितकी चाळवलेली, तितकं पेशींना वाढायचं निमित्त जास्त.

ती चाळवते कशाने? मोठा वाटा आतड्याचा. लागणीनंतर पहिल्या काही आठवड्यांतच आतड्याच्या अस्तरातल्या सीडी४ पेशी प्रचंड प्रमाणात मरतात, अस्तर गळकं होतं आणि जिवाणूंचे तुकडे रक्तात झिरपतात. उपचाराने हे सुधारतं, पण पूर्ण नाही. शिवाय साठ्यातल्या बहुतेक प्रती मोडक्या असतात. त्यांतून नवा विषाणू निघत नाही, तरी काही प्रती थोडीफार प्रथिनं बनवत राहतात आणि पहारेकऱ्यांना झोपू देत नाहीत. सीएमव्हीसारखे, शरीरात कायमचे दडून राहणारे दुसरे विषाणू, हे जुने पाहुणेही असतातच.

जाता जाता, आफ्रिकेतल्या सूटी मँगाबे माकडांच्या रक्तात एचआयव्हीचा भाऊबंद एसआयव्ही भरपूर असतो, तरी ती सहसा आजारी पडत नाहीत. त्यांची प्रतिकारशक्ती सुरुवातीला खवळते आणि लवकर शांत होते. आपली होत नाही, दुखणं तिथे आहे.

मग साठ्यामुळे धुसफूस की धुसफुशीमुळे साठा? इथे आधी कोंबडी की आधी अंडं असा घोळ आहे. चालू उपचारात राल्टेग्राविर या आणखी एका एचआयव्हीविरोधी औषधाची भर घालून पाहिली, पण रक्तात उरलेल्या, नेहमीच्या चाचणीत न दिसणाऱ्या मोजक्या प्रती काही हटल्या नाहीत. बरीच वर्षं उपचारावर असलेल्यांमध्ये साठ्याचं प्रमाण आणि सुजेची मापं यांचाही नीट मेळ बसला नाही. उपचाराआधी दोन्ही किती होती, त्याची छाप मात्र उरलेली दिसली. म्हणून मला तरी वाटतं, की आजची धुसफूस बरीचशी जुन्या नुकसानीची आहे. लवकर उपचार सुरू करण्यावर डॉक्टर एवढा जोर देतात ते त्यामुळेच.

'मग गोळ्यांना थोडी सुट्टी दिली तर?' असंही तुम्ही लिहिलंय. अजिबात नको. 'स्मार्ट' या चाचणीत ५,४७२ जण होते. ज्यांनी सीडी४ पेशींचा आकडा चांगला आहे म्हणून मधून मधून गोळ्या थांबवल्या, त्यांच्यात मृत्यू वाढले, हृदयविकारही वाढले, आणि रक्तातली आयएल-६ (सुजेची खूण) आणि डी-डायमर (रक्त गोठण्याची खूण) यांची पातळी चढली. म्हणून ती चाचणी २००६ मध्ये थांबवावी लागली.

हृदयासाठी करता येण्यासारखं बरंच आहे. २०२३ मध्ये आलेल्या 'रिप्रीव्ह' या चाचणीच्या निष्कर्षांत, एचआयव्ही असलेल्या ४० ते ७५ वयाच्या ७,७६९ जणांपैकी पिटाव्हास्टॅटिन (कोलेस्टेरॉल कमी करणाऱ्या स्टॅटिन गटातलं औषध) घेणाऱ्यांमध्ये हृदयाचे मोठे प्रसंग ३५ टक्क्यांनी कमी आढळले. तुमचं वय त्यात बसत असेल तर डॉक्टरांना विचारा. दुकानातून कुठलंही स्टॅटिन उचलू नका. तुमच्या एचआयव्हीच्या गोळ्यांत रिटोनाविर किंवा कोबिसिस्टॅट असेल तर सिम्वास्टॅटिन हे स्टॅटिन चालत नाही. सिगारेट ओढत असाल तर ती आधी सोडा.

आयएल-६, डी-डायमर स्वतःहून तपासत बसू नका. मी एकदा केलं. आकडा वाढलेला आला, तीन आठवडे पोटात गोळा. शेवटी डॉक्टरांनीच विचारलं, 'त्या आठवड्यात ताप होता ना?' होता.

आणि बायकोची काळजी लिहिलीत, तर या धुसफुशीने तिथे काही बदलत नाही. गोळ्या नियमित आहेत आणि व्हायरल लोड सापडत नाही, तोवर शरीरसंबंधातून तिला लागण होत नाही.