12 पीसीच्या ऑफिसात डोमेन नाही, बिलिंगचा सर्व्हर चालेल का?

चालतो की! 12 पीसीसाठी डोमेन (म्हणजे सगळ्यांचे लॉगिन एकाच सर्व्हरवरून सांभाळायची सोय) हवंच असं काही नाही, मस्जिद बंदरच्या आमच्या ऑफिसात वर्कग्रुपवरच (डोमेनशिवाय नुसते जोडलेले पीसी) विंडोज सर्व्हर आणि एसक्यूएल सर्व्हर (बिलिंगचा डेटा ठेवणारा डेटाबेस) नीट चालतंय. मेन लोचा लॉगिनचा, डोमेन नसलं की प्रत्येक मशीन फक्त स्वतःचेच युजर ओळखते, त्यामुळे पीसीवर जो युजर-पासवर्ड आहे अगदी तोच सर्व्हरवरपण बनवायचा आणि एकीकडे बदलला की दुसरीकडेपण बदलायचा, विसरलास की सोमवारी सकाळी शेअर फोल्डर उघडत नाही आणि बिलिंगवाल्या ताई बिलं अडकवून बसलेल्या. एसक्यूएलला मिक्स्ड मोड ठेव (म्हणजे विंडोजच्या लॉगिनसोबत एसक्यूएलचा स्वतःचा युजर-पासवर्डपण चालतो), सर्व्हरला फिक्स आयपी (न बदलणारा नेटवर्क पत्ता) दे, फायरवॉलमध्ये एसक्यूएलचा 1433 पोर्ट फक्त ऑफिसच्या नेटवर्कपुरता उघड. विंडोज 11 प्रोवर सर्व्हर नको रे, पुढे माणसं वाढली की अडकशील, तिथे लायसनप्रमाणे 20 च डिव्हाइस जोडता येतात.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, रिमोट डेस्कटॉप (दुसऱ्या पीसीवरून सर्व्हरवर लॉगिन करून काम करणं) देणार असशील तर लायसन पर डिव्हाइसवालंच (माणसामागे नाही, मशीनमागे एक) घे. सर्व्हर 2019 पासून वर्कग्रुपमध्ये पर युजरवाल्या लायसनवर सेशन 60 मिनिटांनी तुटतं, पैसे भरायच्या आधी व्हेंडरला हे स्पष्ट सांग.