माईआत्याला कोणी ओवाळलं होतं का?

प्रिय चिमू,

भाऊबीजेला तू दादाला ओवाळलंस, त्याच्याकडून वीस डॉलर उकळलेस आणि ताम्हण आत नेता नेता मला विचारलंस, "तात्याआजोबा फौजेत जाताना सगळी गल्ली ओवाळायला यायची, असं तू नेहमी सांगतेस. माईआजीपण आर्मीत होती ना? मग तिला कोणी ओवाळलं होतं?" मी "असेल की" म्हणून वेळ मारून नेली. तर तू लगेच दुसरा प्रश्न टाकलास, "आणि मी जेआरओटीसीचं नाव काढलं की तू गप्प का होतेस?" जेआरओटीसी, म्हणजे तुमच्या शाळेतला तो लष्करी शिक्षणाचा वर्ग.

समोरासमोर बोलायला गेलं की आपलं भांडण होतं, म्हणून लिहिते आहे. मराठी वाचायचा कंटाळा आला तर बाबाला वाचून दाखवायला सांग. तो मध्ये मध्ये स्वतःची मतं घुसडेल, ती माझी म्हणून धरू नकोस.

आपलं गाव सातारा जिल्ह्यातलं. तिकडे फौजी नसलेलं घर शोधावं लागतं. जवळच्या आपशिंग्याला तर लोक आपशिंगे मिलिटरीच म्हणतात. पहिल्या महायुद्धात त्या एका गावचे ४६ जण कामी आले. आमच्याकडे फौजी सुट्टीवर आला की पोरांची चैन असायची. कॅन्टीनची बिस्किटं, साबण, आणि मोठ्यांसाठी काय ते तुला ठाऊक आहे. तात्यांच्या, म्हणजे माझ्या काकांच्या, काळ्या ट्रंकेवर पांढऱ्या रंगात नंबर, हुद्दा आणि नाव लिहिलेलं होतं. मी अक्षरं त्या ट्रंकेवरच गिरवली.

सुट्टी संपली की निघायच्या दिवशी पाट मांडायचा, भोवती रांगोळी. तात्या त्यावर बसायचे, डोक्यावर टोपी घालून. काकू, माझी आई आणि गल्लीतल्या सवाशिणी एकेक करून ओवाळायच्या. कुंकू, अक्षता, मग सुपारी आणि सोन्याची अंगठी तोंडावरून उतरवायची, मग निरांजन. हातावर दही-साखर. परत येताना उंबऱ्यावर भाकरतुकडा ओवाळून टाकायचा, पायावर पाणी घालायचं, मगच आत घ्यायचं. हे सगळं मला अजूनही फार आवडतं, ते तुझ्यापासून लपवत नाही.

यात आजी कुठे होती, हे मी तुला कधी सांगितलं नाही. तुझी पणजी विधवा होती, आजोबा लवकर गेले होते. त्यामुळे तिनं पोटच्या पोराला ओवाळायचं नाही. ती आधीच घरातून निघून मारुतीच्या देवळाच्या कोपऱ्यावर जाऊन उभी राहायची. तात्या ट्रंक घेऊन तिथं पोचले की त्यांच्या डोक्यावर हात ठेवायची आणि "पत्र टाक" एवढंच म्हणायची. मला लहानपणी वाटायचं की आजीला गर्दी आवडत नाही.

आणि माईआत्या, तात्यांची धाकटी बहीण, तुझी माईआजी. ती तिच्या नोकरीवर पहिल्यांदा गेली तेव्हा माझा जन्मही झाला नव्हता. पण ती सुट्टी संपवून पुण्याला निघायची ते मी चांगलं पाहिलंय. पहाटेची एसटी. तिची ट्रंक माझे बाबा सायकलच्या कॅरिअरला बांधायचे आणि ती मागून चालत जायची. ट्रंक तात्यांसारखीच, नाव-नंबर घातलेली. पाट नाही, रांगोळी नाही. एकदा मी आजीला विचारलं, आत्याला का नाही ओवाळायचं? आजी म्हणाली, "लेकीची ओटी भरत्यात." पण ओटी सासरी निघालेल्या लेकीची. माईआत्यानं लग्न केलं नव्हतं. म्हणजे निघालेल्या बाप्याला ओवाळायचं हे ठरलेलं, सासुरवाशिणीची ओटी भरायची हेही ठरलेलं. ट्रंक घेऊन ड्यूटीवर निघालेल्या बिनलग्नाच्या बाईसाठी काहीच ठरलेलं नव्हतं. तिला चहा मिळायचा, बरोबर चटणी-भाकरी बांधून मिळायची, आणि ती जायची.

तर तुझ्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर आहे, नाही. कोणी ओवाळलं नाही.

त्यात कोणाचा दुष्टावा होता असं मात्र समजू नकोस. गावाच्या लेखी ती फौजी नव्हतीच, "नर्स आहे" एवढंच. ते म्हणतानाही काही जणी ओठ जरा वाकडा करायच्या. खरं तर मिलिटरी नर्सिंग सर्व्हिस १९२६ सालापासूनची, आणि तिथली नर्स म्हणजे अधिकारी. मी शाळेत होते तेव्हा माईआत्या कॅप्टन होती. तात्या हवालदार होऊन पेन्शनीला आलेले. घरात ते थोरले भाऊ, आणि छावणीत समोर आली असती तर सलाम त्यांनी ठोकायचा! यावरून आमच्याकडे दर भाऊबीजेला तमाशा व्हायचा. माईआत्या ताट घेऊन आली की तात्या पाटावरून उठून टाचा जुळवायचे आणि कडक सॅल्यूट मारायचे. आजी आतून ओरडायची, "आरं, धाकट्या भनीला सलाम कसला ठोकतूस? आदी वोवाळणी टाक तिच्या ताटात!" मग तात्या अकरा रुपये टाकायचे. कॅप्टनच्या पगाराच्या मानानं अकरा रुपये म्हणजे काय, पण ती ते रुमालात बांधून ठेवायची.

चेष्टाच होती ती. पण तात्या हर्नियाच्या ऑपरेशनला तिच्याच हॉस्पिटलात होते, आणि तिथून परत आल्यावर त्यांची चेष्टा जरा बदलली. त्यांच्याच तोंडून ऐकलंय: वॉर्डात त्यांनी चोरून विडी पेटवली, माईआत्या आली, हात पुढे केला आणि बंडल, काडेपेटी दोन्ही घेऊन गेली. एक अक्षर बोलली नाही. शेजारच्या खाटेवरचा सुभेदार म्हणाला, "इथं कर्नलची पण विडी जाते." तेव्हापासून तात्या गावात बसल्या जागी सांगायचे, माझ्या बहिणीच्या वॉर्डात हूं की चूं चालत नाही.

ती स्वतः मात्र फार बोलायची नाही. एकच गोष्ट सांगितलेली मला आठवते. १९८७ मध्ये आपली फौज श्रीलंकेत गेली, त्यानंतर सुरुंगानं पाय गेलेली पोरं पुण्याला यायला लागली. पुण्यात कृत्रिम अवयव बसवायचं लष्कराचं केंद्र आहे, दुसऱ्या महायुद्धाच्या काळातलं. आपल्याकडची, मराठा पलटणीतली पोरं माईआत्याला घरी पत्र लिहून द्या म्हणायची, कारण तिला मराठी येत होतं आणि त्यांचा हात अजून थरथरत होता. ती विचारायची, काय लिहू? पोरगा सांगायचा, "लिवा, पायाला जरा लागलंय, बाकी बरा हाय." गुडघ्याखाली पाय नाही आणि म्हणे जरा लागलंय. ती लिहायची. ड्यूटी संपल्यावर आणखी दोन ओळी स्वतःच्या मनाच्या घालायची, घरच्यांनी भेटायला यावं म्हणून. ते त्या पोरांना सांगायची नाही.

मी शाळेत "माझ्या घरातील सैनिक" असा निबंध लिहिला होता, तो तात्यांवर.

आता तुला वाटेल, आई सांगणार की मलाही फौजेत जायचं होतं आणि घरच्यांनी जाऊ दिलं नाही. तसं काही नाही. मला पहाटे उठायचाही कंटाळा होता, अजून आहे. साताऱ्यात सैनिक स्कूल आहे, १९६१ सालचं, देशातलं पहिलं. मामाच्या प्रवेश परीक्षेची गणितं मी त्याच्याकडून करून घेतली. तिथं मुलींना प्रवेश नव्हता आणि तो का नाही, असा प्रश्नही मला पडला नाही. तो दिला २०२१ मध्ये. पुण्यात कॉलेजला असताना खडकवासल्याला कणीस खायला जायचो. वाटेत एनडीए, म्हणजे फौजी अधिकारी घडवणारी प्रबोधिनी, लागायची आणि बरोबरची मुलं फाटकाकडे बघत काहीबाही बोलायची. आम्ही मुली कणसाला लिंबू जास्त लाव म्हणून भांडायचो. १९९२ पासून डॉक्टर-नर्स सोडून इतर कामांसाठीही बायकांना फौजेत अधिकारी म्हणून घ्यायला लागले होते. ते मी पेपरात वाचलं होतं, आणि पान उलटलं होतं.

हे सगळं मला पुन्हा आठवलं ते २०२० मध्ये. बायकांना फौजेत कायमची कमिशन, म्हणजे निवृत्तीपर्यंत अधिकारी राहायचा हक्क, द्यायची की नाही यावर दिल्लीत सुप्रीम कोर्टात खटला होता. सरकारच्या बाजूनं एक मुद्दा असा मांडला गेला की जवान बहुतेक खेड्यापाड्यातले, बाई अधिकाऱ्याचा हुकूम मानायची त्यांच्या मनाची तयारी नाही. कोर्टानं तो झिडकारला. ते वाचून मी इथे किचनमध्ये एकटीच चिडले. खेड्यापाड्यातले म्हणजे आमचेच की! म्हणजे तात्या, आणि तो शेजारच्या खाटेवरचा सुभेदार. विडीचं बंडल मुकाट देणारे. गावानं माईआत्याला ओवाळलं नाही हे खरं, पण हुकूम मानायचा प्रश्न आला तेव्हा त्यांना काही अडचण आलेली मी ऐकलेली नाही. अर्थात मला ही बाजू घेणं सोपं आहे. ओठ वाकडा करणाऱ्याही आमच्याच होत्या.

स्वाती महाडिकांबद्दल मी तुला एकदा अर्धवट सांगितलं होतं. साताऱ्याजवळच्या पोगरवाडीचे कर्नल संतोष महाडिक नोव्हेंबर २०१५ मध्ये कुपवाड्यात अतिरेक्यांशी लढताना गेले. घरात दोन लहान मुलं. स्वातीताईंनी ठरवलं की आपण फौजेत जायचं. वयाची अट आड येत होती, ती त्यांच्यासाठी शिथिल केली गेली. चेन्नईच्या अकादमीत त्यांनी आपल्याहून कितीतरी लहान पोरींबरोबर प्रशिक्षण घेतलं आणि सप्टेंबर २०१७ मध्ये त्या लेफ्टनंट झाल्या. त्या अकादमीत शेवटच्या दिवशी घरची माणसं पुढे येऊन खांद्यावर तारे लावतात. आई लावते, बाप लावतो, कोणीही लावतं. त्या आईचा नवरा आहे की नाही हे तिथं कोणी विचारत नाही. मला आमची आजी आठवते, देवळाच्या कोपऱ्यावरची. फौजेचाही एक विधीच की तो, पण आमच्यापेक्षा शहाणा.

मे २०२५ मध्ये एनडीएतून मुलींची पहिली तुकडी बाहेर पडली, १७ जणी. ती परेड मी फोनवर बघत होते तेव्हा तू मागून येऊन म्हणालीस, "रडतेस काय?" रडत होते. कोणाच्या तरी मुली, माझं त्यात काही नाही, तरी रडत होते. आणि चारच महिन्यांनी तू शाळेतून जेआरओटीसीचा फॉर्म आणलास, तेव्हा मी म्हटलं, "बघू." शिवाजी जन्मावा तो शेजारच्या घरात, असं आपल्याकडे म्हणतात. मी ते लोकांना उद्देशून बरेचदा म्हटलंय.

पण फक्त भीती आहे असंही नाही. आपण अमेरिकेत, सॅन अँटोनियोत राहतो. इथे एअर फोर्सचे सगळे नवे भरती झालेले लॅकलंडच्या तळावर ट्रेनिंगला येतात. ट्रेनिंग संपल्यावर ती पोरं-पोरी निळ्या कपड्यांत आई-बापांबरोबर रिव्हर वॉकवर फोटो काढत असतात. तुझ्या मैत्रिणीची आई युनिफॉर्मवरच दुकानात दूध घ्यायला येते आणि काउंटरवरचा मुलगा तिला "थँक यू फॉर युअर सर्व्हिस" म्हणतो. तो बाप्या आणि बाई असा फरक करत नाही, ते मला आवडतं. तो पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळतो, ते तितकं नाही. २०१५ च्या शेवटी इथल्या फौजेनं लढाईची सगळी कामं बायकांना खुली केली. तिकडे पायदळाच्या पलटणी बायकांना अजून बंद आहेत. त्या हिशेबानं तुला इथे जास्त वाट मोकळी आहे, आणि नेमकं तेच मला पचत नाही. तात्यांची फौज ती माझी फौज, हे मी कधी ठरवलं नव्हतं, ते तसंच होतं. तुझी कोणती? तू इथे जन्मलीस, तुला हा प्रश्न पडतही नसेल. मला पडतो. याचं उत्तर माझ्याकडे नाही आणि ते तू द्यावंस असंही नाही.

जेआरओटीसीत गेलं म्हणजे फौजेत जावंच लागतं असं काही नाही, हे तू मला वाचून दाखवलंस. मला कळलंय. फॉर्म फ्रीजवर लावलाय. रविवारी बाबा घरी असताना आपण तिघं बसू आणि मग सही करायची का ते ठरवू. सही झाली तर ओवाळायचा आग्रह मी धरणार नाही. तुला नको असेल तर नको. हवं असेल तर ताम्हण कुठं असतं ते तुला माहीत आहे.

डिसेंबरमध्ये पुण्याला गेलो की माईआजीकडे दोन दिवस राहायचं आहे. पंचाहत्तरी ओलांडली तरी ती साडेपाचला उठते, तुलाही उठवेल. डाव्या कानानं तिला कमी ऐकू येतं, उजवीकडे बस. जे मला विचारलंस ते तिलाच विचार, मी मध्ये बोलणार नाही. फक्त "तुला वाईट वाटलं का" असं विचारू नकोस, ती हसण्यावारी नेईल. त्यापेक्षा पत्रांचं विचार.

तुझी,
आई