मुलीचा प्रयोग फसलेला नाही

नमस्कार,

मुलगी एम.एस्सी. फिजिक्सच्या पहिल्या वर्षाला आहे, गुण 58 टक्के. तिच्या संगणकावरच्या प्रोजेक्टमध्ये वेव्हगाइडची, म्हणजे प्रकाश वाहून नेणाऱ्या बारीक वाटांची, एक रांग आहे, आणि मधल्या वेव्हगाइडमध्ये सोडलेला प्रकाश तिथे राहतच नाही, शेजारी पळतो. म्हणजे तिला हे जमत नाही, तर डेटा सायन्सला घालू का, असं तुम्ही विचारता. गुणांची मला काळजी वाटली नाही. रोज रात्री तुम्ही तिचे आलेख तपासता, चुका काढता, आणि आता तिने प्रोग्राम उघडणंच सोडलं आहे, हे वाचून मात्र वाटली. तिच्या मार्गदर्शक मॅडमचं मत काय, हे पत्रात कुठेच नाही. ही रोजची तपासणी आजपासून बंद करा.

वेव्हगाइड म्हणजे नळ, आणि प्रकाश शेजारी गेला म्हणजे गळती, हा तुमचा समज चुकीचा आहे. प्रकाशाचा थोडा भाग नेहमीच गाभ्याबाहेर पसरलेला असतो. काचेत लेसरने लिहिलेले वेव्हगाइड साधारण 15 ते 20 मायक्रोमीटरवर असले की तो शेजाऱ्यापर्यंत पोहोचतो. या देवाणघेवाणीचा वेग, म्हणजे कपलिंग, तिने सेंटिमीटरला 1 धरलं आहे. मग 1.2 सेंटिमीटरवर मधला वेव्हगाइड पूर्ण काळोखा व्हायलाच हवा, आणि पुढे सर्वांत ठळक पट्टे पसरलेल्या प्रकाशाच्या दोन्ही बाहेरच्या टोकांना दिसायला हवेत. तिच्या आलेखात नेमकं तेच आहे. एक त्रुटी आहे: 21 वेव्हगाइड आणि 10 सेंटिमीटर लांबी. 5 सेंटिमीटरच्या सुमारास प्रकाश कडेवर आदळून परततो आणि चित्र गढूळ होतं. वेव्हगाइड 61 करा म्हणावं. सगळ्यांतल्या शक्तीची बेरीज शेवटपर्यंत 1 राहते का तेही तिने बघावं. ढळली तर गणनेची पायरी लहान करायची.

खरी गंमत यानंतर आहे, कारण हा पसारा आवरता येतो. अंतर वाढवलं की कपलिंग झपाट्याने घटतं. लागोपाठच्या वेव्हगाइडमध्ये प्रसारण-स्थिरांकाचा (प्रकाशाची फेज, म्हणजे लहरीच्या चक्रातली जागा, दर सेंटिमीटरला किती पुढे सरकते त्या आकड्याचा) सेंटिमीटरला 1.26 रेडियन एवढा समान फरक ठेवला, तर पसरलेला प्रकाश दर 5 सेंटिमीटरला मूळ जागी परततो. हे ब्लॉख दोलन, वेव्हगाइडमध्ये 1999 साली दिसलं. रुंद झोत शेजाऱ्या-शेजाऱ्यांत पाव चक्राचा फेजफरक ठेवून सोडला, तर तो तिरका जातो, पण जवळजवळ पसरत नाही. आणि तीव्रता पुरेशी वाढवली तर प्रकाश स्वतःलाच जागी धरून ठेवतो. हे भाकीत 1988 चं, प्रयोगातला पुरावा 1998 चा.

तुम्ही पत्रात लिहिलेली प्रवेश परीक्षांची तयारी चालू राहू द्या, त्यावर वेगळं सांगण्यासारखं काही नाही. डेटा सायन्स हे चांगलं क्षेत्र आहे, आणि या प्रोजेक्टमधली मॅट्रिक्सची गणितं आणि प्रोग्रामिंग तिथेही उपयोगी पडतात. पण बरोबर आलेल्या उत्तराला अपयश समजून तिला तिकडे ढकलणं हा अन्याय आहे. फोटॉनिक चिप, दूरसंचार, सेन्सर या क्षेत्रांत हेच काम लागतं.

पुढचं पत्र तिला लिहू द्या, आणि पाठवण्याआधी ते वाचायला मागू नका.